येतानाच उडणारा फ्यूज

सुरतेत उधन्याच्या रेल्वे फाटकापलीकडे टायरवाले आणि रेडिएटरवाले एकमेकांना खेटून बसतात, त्या रांगेत उखाची टपरी होती. टपरीवर पाटी नव्हती. कुणाच्या गाडीचा हॉर्न वाजेनासा झाला, बॅटरी चार्ज होईना, की लोक सांगायचे, "त्या ओरडून बोलणाऱ्या खान्देशीकडे जा." उखा ओरडून बोलायचा, कारण त्याला स्वतःलाच कमी ऐकू यायचं. साक्री तालुक्यातून सुरतेला आला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं, आणि पुढची ऐन उमेदीची वर्षं त्यानं कापड विणणाऱ्या लूमवर घालवली. त्या खडखडाटानं कान अर्धे नेले. पुढे एका बोहरी उस्तादाच्या हाताखाली गाड्यांचं वायरिंग शिकला आणि लूम सोडला तो कायमचा. नंतर म्हणायचा, लूमवर माणूस मशीनच्या तालावर नाचतो. इथे निदान गाडी उभी असते आणि आपण तिच्याभोवती फिरतो.

माणूस चिवट, पण तापट. दोष सापडला नाही की अन्न गोड लागायचं नाही. बायको, कमल, डबा घेऊन यायची, नवऱ्याचं डोकं डॅशबोर्डखाली आणि पाय बाहेर दिसले की डबा बाकावर ठेवून न बोलता परत जायची. त्या वेळी बोललं की भांडण ठरलेलं, हे ती लग्नानंतर लवकरच शिकली होती.

या उखाला जेरीस आणलं ते परक्या गाडीनं नव्हे, सख्ख्या मेहुण्याच्या गाडीनं.

राघो हा कमलचा धाकटा भाऊ. प्लेगच्या साली सगळी सुरत गावाकडे पळत सुटली, तेव्हा स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि ज्याच्याजवळ चार चाकं होती त्याच्यापुढे लोक हात जोडत होते. राघोनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि मनात धरलं. दोनेक वर्षांत त्यानं एक जुनी डिझेल ॲम्बॅसिडर घेतली. सुरतेहून नंदुरबारपर्यंत तो सवाऱ्या न्यायचा. लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्याची खान्देशी मंडळी. कुणाचं लग्न, कुणाचं दहावं, कुणाची बाळंत होऊन परतणारी लेक. गाडीचं वायरिंग उखानंच तपासून दिलं होतं. चार लोकांत राघो अभिमानानं सांगायचा, "दाजीनी गाडी बांधेल शे." ते ऐकून उखालाही बरं वाटायचं.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग एके दिवशी दुपारी राघो टपरीसमोर गाडी लावून उतरला.

"दाजी, फ्यूज उडना."

या गाडीत मोजकेच फ्यूज. त्यातल्या एकावर वायपर, इंडिकेटर, ब्रेकची लाईट आणि डिझेलचा काटा, सगळा संसार. तो उडाला की काटा झपकन खाली पडायचा, म्हणून चालवणाऱ्याला कळायचं. उखानं फ्यूज पाहिला. काच आतून काळी पडलेली, म्हणजे हळूहळू वितळला नव्हता, एकदम गेला होता. कुठेतरी उघडी तार पत्र्याला लागत होती. त्यानं नवा फ्यूज घातला, वायपर फिरवला, इंडिकेटर लावले, राघोला ब्रेक दाबायला लावला. काही झालं नाही. तासभर गाडी चालू ठेवली. तरी नाही.

"जाय," उखा म्हणाला. "एखादे वेळी व्हई जास."

पण ते एखादे वेळचं नव्हतं. आठवडा गेला नाही तोच राघो परत आला, आणि मग येतच राहिला. दर वेळी तेच. फ्यूज उडतो, आणि उडतो तो येताना. नंदुरबारकडे जाताना एकदाही नाही. कधी सोनगडला, कधी व्याऱ्यात, कधी बारडोलीच्या बाजारात गर्दी लागली की काटा खाली.

"रस्ता तोच, गाडी तीच," उखा वैतागून म्हणायचा. "जातांना उजवीकडला खड्डा येतांना डावीकडे येस, एवढाच फरक!"

त्यानं आपली नेहमीची युक्ती केली. फ्यूजच्या जागी हेडलाईटचा बल्ब जोडायचा. शॉर्ट असला की बल्ब लख्ख पेटतो. मग एकेक शाखा सोडत जायची, जी सोडल्यावर बल्ब मावळतो तिच्यात चोर. उस्तादानं शिकवलेली ही युक्ती कधी फसली नव्हती. इथे बल्ब नुसता मिणमिणत राहायचा, जसा शॉर्ट नसलेल्या गाडीत राहतो तसा. उखानं वायपरची मोटर काढून पाहिली, इंडिकेटरचा स्विच उघडला, ब्रेकचा स्विच नवा घातला, मागच्या लाईटींचे होल्डर घासून पुसून बसवले. स्टिअरिंगखालच्या तारांवरची कडक झालेली जुनी पट्टी सोलून नवी गुंडाळली. दर वेळी वाटायचं, हेच असणार. दर वेळी राघो हसत निघायचा आणि तोंड पाडून यायचा.

शेजारचा रेडिएटरवाला मगन, गुजराती माणूस, सगळं बघत असायचा. एकदा तो म्हणाला, "उखाभाई, आ गाडीमां भूत छे." उखानं हातातला पाना इतक्या जोरात आपटला की मगन पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

एक जागा मात्र उखानं उघडली नव्हती. मागच्या लाईटींकडे जाणारी तार मागच्या सीटच्या पाठीमागून डिकीत उतरते. तिथवर पोचायचं तर सीट काढायला हवी. त्यानं सीटला हात घातला की राघो पुढे यायचा.

"सीटले हात नको लावू दाजी. आतेच नवं कुशन बसाडेल शे. खालतून खिळा मारेल शेतस, फाटी जाई."

"मंग डिकीतून देखस."

डिकी उघडली तर आत सीटकडच्या भिंतीला चकचकीत रेक्झिन ताणून बसवलेलं. "सवाऱ्यांच्या पिशव्या घासतात म्हणून," राघो म्हणाला. रेक्झिनला धक्का न लावता जेवढी तार दिसली तेवढी उखानं बोटांनी चाचपली. ती धड होती. मग तो म्हणाला, मागची सगळी तारच बदलून टाकू, सीट काढू, दोन दिवस गाडी ठेव. राघो म्हणाला, लगीनसराई आहे, जमणार नाही. एकदा उखा म्हणाला, तुझ्याबरोबर नंदुरबारला येतो, येताना शेजारी बसून बघतो. तेही राघोनं टाळलं. सवाऱ्या भरल्यात, जागा नाही.

आणि उखानं ते ऐकून घेतलं. दुसरा कुणी असता तर त्यानं गाडीची किल्ली फेकली असती. पण बायकोचा भाऊ, घासातला घास दिलेला पोरगा. त्याच्या शब्दावर संशय घ्यावा असं त्याच्या मनातही आलं नाही. तो आपला तारांना शिव्या देत राहिला. घरी कमलवर उगाच खेकसायचा. दुसऱ्यांची कामं रखडू लागली. एका गाडीची साधी हॉर्नची तार उलटी जोडली गेली, तेव्हा गाडीचे मालक भूपेंद्रभाई हसून म्हणाले, "ध्यान क्यां छे, उखाभाई?" ते हसणं उखाला बरेच दिवस टोचत राहिलं.

पौषात एकदा राघो आला तो तक्रार न घेता. फ्यूज उडत नाही म्हणाला. उखाला आनंद व्हायच्या आधी शंका आली. त्यानं बॉनेट उघडलं. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पीळ देऊन बसवलेली.

"हाई काय शे?"

"एका ड्रायव्हरनी सांगं. काम तं चाली राहिनं ना."

उखाचा आवाज फाटकापर्यंत गेला असेल. "अरे, फ्यूज उडस म्हणून गाडी वाचस! फ्यूज नही उडना तं तार तपी, तार पेटी, मांगे डिझेलनी टाकी शे. लोकेस्नी लेकरं बठतस तुन्ही गाडीमा!" त्यानं तांब्याची तार उपटून गटारात फेकली, योग्य फ्यूज बसवला आणि बजावलं, "परत तार घाली तर मन्हा दारात येऊ नको."

राघो खाली मान घालून गेला. त्यानं या वेळी मात्र दाजीचं ऐकलं.

संक्रांत झाली आणि पुढच्याच आठवड्यात ती घटना घडली. उखाच्याच चाळीत शोभाबाई राहायच्या, विधवा बाई, साड्यांना टिकल्या लावून घर चालवणाऱ्या. त्या माहेरी नंदुरबारला गेल्या होत्या आणि राघोच्याच गाडीनं परत येत होत्या. उखानं बांधलेली गाडी म्हणून भरवशानं बसल्या होत्या. बारडोली सोडून गाडी कडोदऱ्याकडे निघाली, दिवस मावळतीला आलेला, उसाच्या शेतांवर धुरकट धुकं. समोर उसाची ट्रॉली आडवी आली. राघोनं जोरात ब्रेक दाबला. मागून येणाऱ्या टेम्पोला ब्रेकची लाईट दिसलीच नाही. तो सरळ डिकीवर आदळला. जीव कुणाचा गेला नाही, पण शोभाबाईंचा उजवा हात कोपराजवळ मोडला.

बातमी चाळीत आली ती अशी: ब्रेकची लाईट लागली नाही. वायरिंग कुणाचं? उखाचं. शोभाबाईंचा भाऊ किसन दवाखान्यातून परस्पर उखाच्या दारात आला. तो ओरडला नाही, तेच जास्त लागलं. "उखाभाऊ, टेम्पोवाला देवानी शपथ खाई राहिना, लाईट लागनीच नही. इतला महिना तुम्ही काय दुरुस्ती करी राहिंतात?"

उखानं पायात चपला सरकवल्या. तो दवाखान्यात गेला. शोभाबाईंचा हात प्लास्टरमध्ये. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमनावर भरोसा व्हता मन्हा." बाहेर आल्यावर उखाला आपल्या हातांची किळस यायला लागली. इतकी वर्षं तारा जोडल्या, कुणाचं नुकसान केलं नव्हतं. आणि चूक कुठे झाली तेही कळत नव्हतं. चूक कळली असती तर निदान तिच्यासाठी रडता आलं असतं.

सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन तो बसनं निघाला. गाडी कडोदऱ्याच्या अलीकडे एका ढाब्यामागे ढकलून ठेवलेली होती. राघोनं सवाऱ्या लगेच दुसऱ्या गाडीनं रवाना केल्या होत्या, टेम्पोवाल्यालाही पोलीस नको होते, त्यामुळे प्रकरण आपसात मिटलं होतं. राघो तिथेच होता. दाजीला पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"तू कसाले ऊना दाजी? मी आनी टाकतू गाडी..."

उखानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो डिकीकडे गेला आणि थबकला. वास येत होता. डिझेलचा नव्हे, दारूचा. चेपलेल्या डिकीचं झाकण त्यानं पान्यानं उचकटलं. चकचकीत रेक्झिन टरकलं होतं. त्याच्यामागे मागच्या सीटच्या पाठीला समांतर पत्र्याचा एक उभा कप्पा, वरून बिजागरीवर टांगलेला. कप्प्यात फुटलेल्या काचा आणि कोपऱ्यात अडकलेली एक अख्खी बाटली. नवापूरची बाटली. गुजरातेत दारूबंदी, आणि सरहद्दीपलीकडे पाऊल टाकलं की दुकानांच्या रांगा. हा धंदा कुणाला माहीत नव्हता? फक्त आपल्या घरात तो चालतो हे उखाला माहीत नव्हतं.

जाताना रिकामा, येताना भरलेला.

उखानं पुढे जाऊन बॉनेट उघडलं. फ्यूजच्या जागी बल्ब जोडला, लांब तारेनं तो मागे आणून खिडकीत टांगला आणि राघोला म्हणाला, "बठ. ब्रेक दाब."

राघो बसला. ब्रेक दाबला. बल्ब मिणमिणला, नेहमीसारखाच. उखानं गुडघा उचलून कप्प्याच्या पत्र्यावर सगळा भार टाकला, बाटल्यांचा भार पडत असेल तसा. पत्रा खाली बसला, आणि बल्ब लख्ख पेटला. गुडघा काढला, मावळला. परत दाबला, परत पेटला. कप्प्याची खालची धार ब्रेकच्या तारेवर बरोबर बसत होती. भार आला की तारेच्या आवरणातून आत, आणि ब्रेक दाबताच फ्यूज खलास; भार गेला की बाहेर. तारेवरची चीर केसाएवढी, बघणाऱ्याला दिसणार नाही अशी.

इतके महिने जो बल्ब बघायला तो तडफडत होता, तो हा. उखाला वाटलं होतं, सापडल्यावर केवढा आनंद होईल. त्यानं गुडघा काढला आणि बल्ब मावळू दिला.

"देखस का?" तो म्हणाला. "मी आठ वेळा स्टिअरिंग खोललं. तू उभा राहीन देखत व्हता."

"दाजी, हळू बोल. लोके ऐकतीन."

"हळू? माले हळू येस नही!" उखा ओरडला, आणि ढाब्याचा पोऱ्या वळून बघायला लागल्यावर त्याला तिथल्या तिथे गप्प व्हावं लागलं. संतापलेल्या माणसाला कुजबुजावं लागणं यासारखी शिक्षा नाही. तो राघोच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, दात आवळून बोलू लागला. शोभाबाई त्या बाटल्यांना पाठ टेकून बसली होती. आदल्या महिन्यात याच सीटवर बाळंतीण बसली होती. राघो आधी रडला, मग उलटला.

"तू तार काढी म्हणून व्हयनं. तांबानी तार राहती तं लाईट लागती."

"तार राहती तं तुम्ही सगळा जळी जातात. डिझेल आणि दारू, दोन्ही संगे!"

सवाऱ्यांवर गाडी चालत नाही, डिझेल महाग, एका माणसानं ओळख करून दिली, एकदाच म्हणून सुरुवात केली. हे सगळं राघो नंतर पुटपुटत राहिला. उखानं छिन्नीनं पत्र्याचा कप्पा तोडला, मोडून दुमडून ढाब्याच्या भंगारात टाकला. उरलेली बाटली फोडली. मग तिथेच उन्हात बसून त्यानं नवी तार ओढली, जिथून ओढायला हवी होती तिथून, सीट काढून. हात सवयीनं चालत होते. राघो पाना द्यायला पुढे आला तर त्यानं तो त्याच्या हातातून घेतला नाही, वाकून स्वतः उचलला.

आता खरा पेच होता. दोष सापडला होता आणि तो कुणाला सांगता येत नव्हता. चाळीत खरं सांगावं तर उद्या पोलीस राघोच्या दारात. न सांगावं तर जन्मभर आपल्या नावावर शोभाबाईंचा हात. परतताना गाडीत दोघं शेजारी बसले होते.

घरी आल्यावर त्यानं कमलला सांगितलं. दार लावून, शक्य तेवढ्या हळू. कमल भाकरी थापत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपली तरी ती उठली नाही.

"मन्हा भाऊ शे," ती म्हणाली. मग करपलेली भाकरी उतरवत, "पण तुम्हनं नाव कसाले खराब व्हवाले पाहिजे?"

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली आणि राघोला मनगटाला धरून घेऊन आली. वाटेत बहीण-भावांत काय झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. राघोच्या गालावर पाचही बोटं उमटलेली होती. ती त्याला थेट शोभाबाईंच्या खोलीत घेऊन गेली. किसन होता, शेजारच्या दोघी-तिघी होत्या. उखा दारात उभा राहिला.

राघो खाली बसला. म्हणाला, "शोभामावशी, दाजीनी चूक नही. मी डिकीमा पत्रा बसाडा व्हता, दाजीले न सांगता. त्या पत्रानी तार कापी. दाजी सीट काढू म्हणे, मी काढू दिधी नही. चूक मन्ही शे."

उखाच्या छातीवरचा दगड हलल्यासारखा झाला. त्याला वाटलं, आता सुटलो.

शोभाबाईंनी राघोकडे पाहिलं, त्याच्या गालाकडे पाहिलं, मग कमलकडे. त्यांचे डोळे भरून आले. मोडक्या हाताला सांभाळत त्यांनी डावा हात राघोच्या डोक्यावर ठेवला.

"चांगला शेस रे तू. बहिणना संसारसाठे दाजीनं पाप सोतानं डोकावर ली राहिना."

शेजारणींनी माना हलवल्या. किसन उखाकडे बघून म्हणाला, "मेहुणाले पुढे करानी गरज नव्हती, उखाभाऊ. आम्ही काय केस करणार व्हतूत?"

उखानं तोंड उघडलं. पत्रा कसला, ते एका शब्दात सांगितलं असतं तर सगळे गप्प झाले असते. कमल त्याच्याकडेच बघत होती. ती मानेनं नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. तिनं ते त्याच्यावर सोडलं होतं. उखानं राघोकडे पाहिलं. पोरगा रडत होता, या वेळी खरोखरचा. उखानं तोंड मिटलं आणि टपरीवर निघून गेला. त्या दिवशी मगनला त्याचा आवाज एकदाही ऐकू आला नाही.

शोभाबाईंचा हात बरा होईपर्यंत कमल रोज दुपारी त्यांच्या खोलीत बसून त्यांच्या साड्यांना टिकल्या लावत होती. भूपेंद्रभाईंनी गाडी काही महिने दुसरीकडे नेली, "हमणां रहेवा दो," सध्या राहू द्या, एवढंच म्हणाले. खान्देशी गिऱ्हाईक तर बराच काळ फिरकलं नाही. राघोनं बाटल्यांचा नाद सोडला. नुसत्या सवाऱ्यांवर गाडी खरंच चालेना, तेव्हा ती विकून तो सुरतेजवळच्या सचिन गावात एका कारखान्यात ड्रायव्हर म्हणून लागला. सणावाराला यायचा, दाजीच्या पाया पडायचा. उखा पाय मागे घ्यायचा नाही, पण आशीर्वादाचे शब्दही त्याच्या तोंडून निघायचे नाहीत.

कामं हळूहळू परत आली. उखाला पुढे कितीतरी अवघड शॉर्ट सापडले, आणि ते सापडल्यावर तो पूर्वीसारखा ओरडून मगनला हाक मारायचाही. फक्त शोभाबाई बाजाराला जाताना टपरीपुढे थांबायच्या, चांगल्या मनानं, अगदी मायेनं म्हणायच्या, "उखाभाऊ, ब्रेकनी लाईट नीट देखी ल्या बरं का." आणि उखा बॉनेटमध्ये डोकं घालून, ऐकू न आल्यासारखं करायचा.